किल्लीवालीचा खटला

छत्र्यांच्या त्या कारखान्यात एक उंच खुर्ची होती. तिच्यावर बसणाऱ्याने काडीला हात लावायचा नाही की सुईत दोरा ओवायचा नाही, फक्त मोठ्याने वाचायचं. बाकीच्यांनी काड्यांवर कापड शिवत, मुठी बसवत, चाप दाबून बघत ऐकायचं. हाताला काम आणि कानाला सुटी, असा हा प्रकार कोणाच्या तरी आजोबांच्या काळापासून चालत आला होता. मालकाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. वाचणाऱ्याला कामगारच निवडत, त्याचा पगार कामगारच वर्गणीतून देत, आणि तो आवडेनासा झाला की त्याला घरी पाठवायलाही कोणाची परवानगी काढावी लागत नसे.

खुर्चीवर बरीच वर्षं एक काका होते. त्यांनी परदेशी गुप्तहेरांच्या कादंबऱ्या वाचून वाचून सगळ्यांना असं तयार केलं होतं की कामगारांच्या घरात साधी साखर सांडली तरी पायांचे ठसे शोधले जात. पुढे काकांचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टरांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं आणि खुर्ची रिकामी झाली. मुकादमाच्या मनात तिथे आपल्या भाच्याला बसवायचं होतं. म्हणजे भाच्याला नव्हे, त्याच्या स्पीकरला. दिवसभर गाणी लावली की वर्गणी वाचेल, असा त्याचा हिशेब होता. भाचा येऊन भिंतीवर खिळे ठोकायच्या जागाही बघून गेला होता.

आडवी आली ती पहिल्या पाळीत कापड शिवणारी एक बाई. तिची वहिनी शाळेत शिकवायची, आणि सध्या घरी बसून होती.

या वहिनीला कारखान्यात पुढे सगळेच ‘बाई’ म्हणू लागले, तेव्हा आपणही बाईच म्हणू. बाईंनी वीस-बावीस वर्षं शाळेत देशाचा इतिहास आणि देशाचं साहित्य शिकवलं होतं. मग शाळेने या दोन विषयांची मोट बांधून आठवड्याला एक तास ‘सामान्य ज्ञान’ असं त्याचं लोणचं घातलं. उरलेल्या तासांत काय घालायचं याबद्दल पालकांच्या मागण्या तयारच होत्या. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं की मुलांना उपयोगाचं शिकायचंय, जुनंपुराणं उगाळून कोणाचं पोट भरत नाही. बाईंनी त्यांना विचारलं, की तुमच्या आजोबांचं नाव तुम्हाला कुठल्या नोकरीत उपयोगी पडलं? या प्रश्नाचा परिणाम व्हायचा तो झाला, आणि बाई घरी आल्या.

घरी बसल्या म्हणून त्या खचल्या वगैरे अजिबात नव्हत्या. आपला विषय कुचकामी आहे, असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. ऐकणारे चुकीचे मिळाले, एवढंच त्यांचं मत होतं. त्यामुळे नणंदेने कारखान्याचं सुचवलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, “वन्सं, मी येते. पण गुप्तहेर वाचणार नाही.”

मुकादम हा माणूस तोंडाचा फटकळ, पण मनात एक आणि बाहेर दुसरं असा नव्हता. त्याने बाईंना सरळच सांगितलं. सोमवार ते शनिवार वाचून बघा. शनिवारी पाळी बदलताना दोन्ही पाळ्या सूचना ऐकायला एकत्र थांबतात, तेव्हा मत घेऊ. हात वर गेले तर खुर्ची तुमची, नाहीतर खुर्चीच काढून टाकू आणि स्पीकर लावू. काकांची अर्धवट राहिलेली कादंबरी त्याने पुढे केली. यात एका सरदाराच्या वाड्यात खून झालाय, कोणी केला ते अजून कळायचंय, हेच वाचा आणि निवांत निवडून या, असा प्रेमाचा सल्लाही दिला.

बाईंनी कादंबरी परत त्याच्या टेबलावर ठेवली. “मुकादम, दुसऱ्याच्या घरातल्या खुनांची चौकशी तुम्ही इतकी वर्षं ऐकलीत. एकदा आपल्या घरातली चौकशी ऐकून बघा.”

आपल्या घरातली चौकशी म्हणजे काय, हे सांगायला हवं. तटबंदी असलेल्या त्यांच्या देशाच्या जुन्या राजधानीला एके काळी वेढा पडला होता. शाळेच्या पुस्तकात त्याबद्दल मोजून दोन ओळी होत्या. भर हिवाळ्यात शत्रूने वेढा घातला, आणि वेशीवरच्या एका रखवालदारणीच्या फितुरीमुळे शहर पडलं. पुढचा धडा सुरू. शत्रू लूट करून निघून गेल्यावर त्या रखवालदारणीवर खटला झाला, तो चांगला पाच दिवस चालला, आणि त्यातला शब्दन् शब्द कारकुनांनी उतरवून ठेवला, हे शाळेत कोणी सांगत नाही. ते सगळं छापलेलं आहे. ग्रंथालयात त्या जाड पुस्तकावर धूळ बसते, ती झटकायला वर्षातून एखादा येतो. बहुतेक वेळा तो एखादा म्हणजे आपल्या बाईच असत.

सोमवारी बाई खुर्चीवर चढल्या, वाचायचा चष्मा लावला आणि सुरुवात केली. त्या चष्म्यातून पुस्तक स्वच्छ दिसे आणि पुस्तकापलीकडचं जग म्हणजे नुसता निळा धूर. सगळ्यांचे अंगरखे निळे, टोप्या निळ्या. वन्सं कुठेतरी खिडकीपाशी शिवत बसल्या असणार, एवढंच त्यांना माहीत. मुकादमाने सांगून ठेवलं होतं की दोन तास वाचायचं, मध्ये घंटा होईल तेव्हा थोडं थांबायचं. तासाभराने घंटा झाली. बाई मागच्या ओट्यावर गेल्या, घसा शेकायला गरम पाणी प्यायल्या आणि परत आल्या. समोर पुन्हा निळा धूर शांतपणे बसलेला. त्यांनी खूण घातलेलं पान उघडलं आणि पुढे वाचायला लागल्या.

इथे घोटाळा झाला. ती घंटा चहाची नव्हती, पाळी बदलल्याची होती. पहिली पाळी उठून घरी गेली होती आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली होती. काका प्रत्येक प्रकरण दोनदा वाचायचे, एकदा या पाळीला आणि एकदा त्या पाळीला. ही गोष्ट कारखान्यात इतकी सगळ्यांना ठाऊक होती की ती नव्या माणसाला सांगायला हवी, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ‘अ’ तुकडीला आणि ‘ब’ तुकडीला एकच धडा दोनदा शिकवण्यात जिची हयात गेली, त्या बाईच्याही ते लक्षात येऊ नये, याला काय म्हणावं?

कामगारांनी तरी तक्रार का केली नाही? कारण दोन्ही पाळ्यांना वाटत होतं की आपण अख्खं ऐकतोय.

त्यातून त्या जुन्या न्यायसभेची रीतही अशी, की जेवणाआधी फिर्यादीच्या वकिलाने बोलायचं आणि जेवणानंतर बचावाच्या. रोजचा एक तास आरोपाचा, एक तास उत्तराचा. म्हणजे पहिली पाळी रोज फक्त आरोप ऐकून घरी जात होती, आणि दुसरी पाळी रोज फक्त बचाव.

पहिल्या दिवशी जांभया आल्या. मंगळवारी कमी आल्या. बुधवारी मुकादमाने पाहिलं की हात नेहमीसारखे चालताहेत, पण कोणी कोणाशी कुजबुजत नाही, आणि कारकुनाने ‘इथे सभेत गलका झाला’ असं लिहिलेलं बाईंनी वाचलं की हॉलमध्येही थोडा गलका होतो. कामगारांनी त्या रखवालदारणीचं नावही ठेवून टाकलं होतं. ती म्हणे शहराची किल्ली गळ्यात घालून हिंडायची, म्हणून किल्लीवाली.

बाई बुधवारी घरी आल्या त्या गुणगुणत. रात्रीच्या जेवणाला वन्सं आणि त्यांचा नवरा यायचे होते. तोही त्याच कारखान्यात, दुसऱ्या पाळीला मुठी बसवणारा. बाईंचा नवरा वीज कंपनीत घरोघरी जाऊन मीटर वाचायचा, त्यामुळे या घरात दोघंही वाचणारेच, असा त्याचा जुना विनोद होता. बायकोचा आनंदी चेहरा बघून त्याने तो पुन्हा एकदा केला.

पाहुणे आले ते एकमेकांकडे पाठ करून. वन्सं स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांचे यजमान बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले. सोमवारपासून दोघांत बोलणं बंद आहे, हे कळायला वेळ लागला नाही. कारण विचारलं तर वन्सं म्हणाल्या की ज्या माणसाला फितुराचा पुळका येतो त्याच्याशी मी काय बोलू. बाहेरून उत्तर आलं की दगडाचं काळीज असलेल्या बाईशी संसार केला हे मला इतक्या वर्षांनी समजलं. बाईंना आधी वाटलं, कोणा शेजाऱ्याबद्दल चाललंय. मग त्यांच्या लक्षात आलं की हे भांडण किल्लीवालीवरून आहे, आणि त्यांना इतका आनंद झाला की पोळी तव्यावर करपली.

आनंद फार टिकला नाही. वन्सं तावातावाने बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “दोन हेर आत घेतले तिने. आठ दिवसांत शहर पेटलं. माणसं झोपेत मेली. आणि तुम्ही म्हणता बिचारी?”

“कसले हेर?” तो म्हणाला. “थंडीत पोरं मरत होती तटाबाहेर. ती आत घेतली, हा गुन्हा?”

“कसली पोरं? वहिनी, यांनी पोरं कुठून काढली मध्येच?”

दोघंही बाईंकडे बघायला लागले. बाईंच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. हेर खरे होते आणि पोरंही खरी होती. वेढ्याच्या वेळी आसपासच्या खेड्यांतली माणसं जळत्या घरांतून पळून तटाच्या बाहेरच्या अंगाला येऊन बसली होती. कोणालाही आत घ्यायचं नाही असा हुकूम होता. एका रात्री किल्लीवालीने दिंडी उघडली, म्हणजे मोठ्या दरवाजातलं ते लहानसं दार, आणि मुलांना आत घेतलं. त्या गर्दीत शत्रूचे दोन हेरही शिरले. पुढे त्यांनीच आतून मोठा दरवाजा उघडला. फिर्यादीचा वकील पाच दिवसांत एकदाही ‘मुलं’ म्हणाला नाही, तो ‘बाहेरचे’ म्हणत राहिला. बचावाचा वकीलही काही कमी नव्हता, त्याने हेर हा शब्द तोंडातून काढलाच नाही.

बाईंनी घंटेबद्दल विचारलं. वन्संनी कपाळावर हात मारला. “अहो वहिनी, ती आमची सुटी. नंतर यांची पाळी बसते.”

गेले तीन दिवस बाईंना वाटत होतं की आपण इतिहास शिकवतोय, आणि त्यांनी तर अर्ध्या कारखान्याला एक कान दिला होता आणि अर्ध्याला दुसरा. शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींना त्या उभा जन्म नावं ठेवत आल्या. आता त्यांनी स्वतः तेच केलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. शनिवारी काय तोंड घेऊन उभं राहायचं, असं त्या म्हणाल्या. पहिल्या पाळीला सांगितलं की मुलं होती, तर ते म्हणतील बाईंनी लपवलं. दुसऱ्या पाळीला हेर सांगितले तर तेही तेच म्हणतील. दोन्हीकडून हात खाली, आणि भिंतीवर स्पीकर.

त्यांचा नवरा इतका वेळ तोंडावर हात दाबून बसला होता, तो हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. “अगं, बावीस वर्षांत तुझ्या वर्गात कधी इतिहासावरून दोन पोरं तरी भांडली का? इथे नवरा-बायको तीन दिवस बोलत नाहीत. आणि तू रडतेस?”

यावर बाईंनी नाक पुसलं. नवऱ्याचं म्हणणं पटलं की त्या ते कधी कबूल करत नसत, लगेच कामाला लागत. जेवण होईपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

गुरुवारी सकाळी मुकादमाने त्यांना बोलावून घेतलंच. आदल्या दिवशी फाटकापाशी पहिली पाळी आणि दुसरी पाळी समोरासमोर आल्यावर हमरीतुमरी झाली होती, एका शिवणाऱ्याने एका मूठवाल्याची डब्याची पिशवी चिखलात भिरकावली होती. मुकादम म्हणाला, बाई, तुम्ही माणसं बिघडवताय, उरलेले दिवस मुकाट्याने सरदाराच्या वाड्यातला खून वाचा, मी स्वतः तुमच्यासाठी दोन शब्द टाकतो. बाईंनी त्याला झालेला घोटाळा सांगितला. ऐकून तो आधी हसला, मग गंभीर झाला, आणि म्हणाला की मग तर हे पुस्तक बंदच करा. नको ती कटकट.

“बंद केलं तर अर्धी माणसं जन्मभर तिला फितूर म्हणतील आणि अर्धी देवता,” बाई म्हणाल्या. “दोन्ही खोटं. आणि ते खोटं मी सांगितलेलं. मुकादम, शनिवारी मला खुशाल घरी पाठवा, पण हे निस्तरल्याशिवाय मी खुर्चीवरून उतरणार नाही.”

मुकादमाने हात झटकले. बघा बुवा, म्हणाला.

त्या दिवशी बाईंनी वाचायला लागण्याआधी चष्मा काढून सगळ्यांकडे पाहिलं आणि आपली चूक सांगितली. फार घोळवली नाही. म्हणाल्या, तीन दिवस तुम्ही एकाच बाजूचं ऐकलंत, आज दुसऱ्या बाजूचं ऐका. आणि पहिल्या पाळीला त्यांनी बचाव वाचून दाखवला. तटाच्या दगडाला टेकून बसलेली मुलं. आईच्या पदराखाली सकाळी गार लागलेली. बुरुजावरचा नशेत पडलेला पहाऱ्याचा नायक, ज्याच्यावर आत येणाऱ्यांची झडती घ्यायची जबाबदारी होती आणि ज्याला खटल्यात कोणी साधा साक्षीलाही बोलावलं नाही, बोलावलं ते त्याच्या भावाला. वाचता वाचता बाईंना जाणवलं की सुयांचा तो बारीक टकटक आवाज थांबलाय. मुकादमालाही जाणवलं. पण तोही दाराशी टेकून ऐकत होता.

घंटेनंतर दुसऱ्या पाळीला फिर्याद. तिथे जरा वेळ लागला, कारण दुसरी पाळी चिडली. एका मूठवाल्याने उठून विचारलं की हे हेर तुम्ही आता घुसडलेत का? बाईंनी पान उलटून जळलेल्या गल्ल्यांची नावं वाचली, मग त्या गल्ल्यांत मेलेल्यांची. तांबट, विणकर, सुईण, सुईणीची म्हातारी आई. कारकुनाने प्रत्येकाच्या नावापुढे धंदा लिहिला होता. यादी संपेपर्यंत तो मूठवाला उभाच होता, मग आपला आपण खाली बसला.

शुक्रवारी बाईंनी उरलेला भाग दोन्ही पाळ्यांना सारखाच वाचला. फाटकावर पुन्हा गर्दी झाली, पण पिशव्या भिरकावल्या गेल्या नाहीत. दोन्ही पाळ्यांची माणसं घोळक्याने उभी राहून बोलत होती, आणि गंमत म्हणजे बरीच जण आता उलट बाजूने वाद घालत होती. घरी वन्सं आणि त्यांचे यजमान बोलायला लागले. इतकं बोलायला लागले की शेजाऱ्यांनी भिंत वाजवली.

शनिवार उजाडला. पाळी बदलायच्या वेळी हॉलमध्ये दोन्ही पाळ्या भरल्या. पहिलीवाले जागेवर, दुसरीवाले गठ्ठ्यांवर, खोक्यांवर, जिथे टेकता येईल तिथे. भाचा स्पीकर घेऊन आला होता आणि तो त्याने मामाच्या टेबलाखाली ठेवला होता. मुकादमाने सूचना भराभर उरकल्या. मतदान आधी करायचं की वाचन, यावर कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, निकाल काय लागला ते आधी सांगा, मग तुमचं मतदान घाला कुठे घालायचं तिथे.

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांना माहीत होतं की निकाल वाचला की निम्मा हॉल नाराज होणार. हलक्या हाताने चार वाक्यं गाळली असती तर गोड झालं असतं, आणि ते कोणाला कळलंही नसतं. त्यांनी ती गाळली नाहीत. निकाल जसा होता तसा वाचला. किल्लीवाली दोषी. तिने हुकूम मोडला आणि त्यामुळे शहर पडलं. तिला देहदंड देऊ नये, कारण तिने मोबदला घेतला नाही. ज्या दिंडीतून तिने बाहेरच्यांना आत घेतलं, त्याच दिंडीतून तिला बाहेर काढावं, आणि तिच्यामागे दार बंद करावं. खाली तारीख आणि शिक्का. संपलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कोणी शिव्याही दिल्या नाहीत. छत्र्यांचे सांगाडे टेबलांवर उघडे पडले होते. बाईंना वाटलं, आपण हरलो. आणि वाटलं, हरलो तरी चालेल, यांनी निदान सगळं ऐकलं.

तेवढ्यात खिडकीपाशी वन्सं उभ्या राहिल्या. चार माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्यांचा आवाज थोडा वरचा लागला.

“पाच दिवस सगळे बोलले. हा वकील, तो वकील, तो नायक नाही का, त्याचा भाऊ. ती स्वतः काय म्हणाली?”

बाईंनी पुस्तक मिटलं. बावीस वर्षांत दरवर्षी त्यांनी तो दोन ओळींचा धडा शिकवला होता, आणि दरवर्षी हा प्रश्न कोणी विचारेल म्हणून थोडं थांबल्या होत्या. एकाही वर्गात तो आला नव्हता. तो आज आला, आणि तोही आपल्या घरातून.

“या पुस्तकात तिचा एक शब्दही नाही,” त्या म्हणाल्या. “तिला कोणी विचारलंच नाही. पण ती काय म्हणाली असेल ते तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. पहिलीच्या वर्गात शिकलात तुम्ही. इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं ते, भाषेच्या पुस्तकात होतं, म्हणून दोन्ही पुस्तकांची कधी गाठ पडली नाही.”

कोणाला काही कळलं नाही. मुकादमाने कपाळाला आठ्या घातल्या. बाई खुर्चीवरून खाली उतरल्या, हॉलच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, आणि पहिलीच्या वर्गात विचारतात तसं त्यांनी विचारलं:

“कोण उभं दारात?”

या देशातल्या कोणत्याही माणसाला झोपेतून उठवून हे विचारलं तर तो पुढचं म्हणतोच. शाळेत बाई विचारतात आणि मुलं ओरडून उत्तर देतात. तसंच झालं. शे-दीडशे दाढीमिशीवाल्या, पिकल्या केसांच्या, नातवंडं असलेल्या माणसांनी एका सुरात सांगितलं:

“आम्ही, आम्ही, गारठ्यात.”

काही जण हसले. बाई हसल्या नाहीत.

“किती जणं रे आहात?”

“मोजू नको गं,” हॉल म्हणाला, आणि इथे आवाज खाली आला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या शिवणारणीने हात तोंडावर नेला. उरलेलं निम्म्याच लोकांनी म्हटलं. “घे आत.”

पुढचं कडवं शाळेत एकटी बाईच म्हणते. वर्गात त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. पाहुण्यांशी प्रेमाने वागावं, असं खाली तात्पर्य छापलेलं असतं, आणि कवीच्या जागी ‘अज्ञात’. बाईंनी ते हळू म्हटलं. मुलांना झोपवावं तसं.

“कडी माझ्या हातात,
किल्ली माझ्या गळ्यात,
पुसायचं ते पुसा उद्या,
आज निजा घरात.”

वन्संच्या यजमानांनी टोपी काढून हातात घेतली होती. वन्सं त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि दोघांच्याही डोळ्यांना धार लागली होती. दारापाशी मुकादम भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग एक एक करत प्रश्न आले. हे तिनेच रचलं का? बाई म्हणाल्या, ते सिद्ध झालेलं नाही, आणि सिद्ध झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पण हे गाणं पहिल्यांदा ज्या गल्ल्यांत म्हणत असल्याचं आढळतं, त्या गल्ल्या त्या रात्री आत आलेल्या मुलांच्या आहेत. ती मुलं तिथेच वाढली आणि म्हातारी झाली. मागून कोणीतरी विचारलं, मग किल्लीवाली बाहेर गेली तेव्हा तिला कोणी थांबवलं नाही का? तिचं पुढे काय झालं? त्या मुलांपैकी कोणी काही लिहून ठेवलं का? ठेवलंय, बाई म्हणाल्या, एकीने म्हातारपणी ठेवलंय, आणि फार सुंदर लिहिलंय, तेवढ्यासाठी तरी आपली भाषा यावी.

घंटा कधीच होऊन गेली होती. पहिल्या पाळीने घरी जायला आणि दुसऱ्या पाळीने कामाला लागायला हवं होतं. मुकादमाने नाक शिंकरलं, पुढे येऊन घसा साफ केला आणि मोठ्याने विचारलं की ते सगळं ठीक, पण मतदानाचं काय करायचं.

“ते झालं की,” वन्सं म्हणाल्या. “आता खाली बसा बरं मुकादम, मागच्यांना दिसत नाही. वहिनी, तुम्ही सांगा, त्या मुलीने काय लिहिलंय?”